वयात येण्याचा पहिला तास कसा घ्यावा: ऐकीव काय, खरं काय

हा लेख असा तास पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी आहे. सातवी ते नववीचे वर्गशिक्षक, आश्रमशाळेच्या अधीक्षिका, नव्याने रुजू झालेल्या आशाताई, सुट्टीत गावात शिबिर घेणारे कॉलेजचे विद्यार्थी, कुणालाही तो वापरता येईल. विषय तुम्हाला येत नाही असं नसतं. दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा पाठ आकृत्यांसकट दिलेला आहे. पण ती पानं आली की बऱ्याच वर्गांत "हे घरी वाचा" होतं. मुलं ते घरी वाचत नाहीत, मोबाइलवर बघतात. तिथे जे दिसतं ते बघून ती जास्तच घाबरतात.

मुलांना काहीच माहीत नसतं, हा समज आधी डोक्यातून काढा. त्यांना खूप माहीत असतं आणि त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. जवळजवळ प्रत्येक चुकीच्या समजामागे कसली तरी भीती दबा धरून बसलेली असते. "छे, हे खोटं आहे" म्हणून मोकळं झालात, तर समज खोडला जातो पण भीती जागच्या जागी राहते, आणि मूल पुन्हा चुकीचं सांगणाऱ्या गल्लीतल्या दादाकडेच विचारायला जातं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी शरीर कसं चालतं ते सांगा, मग नेमकी भीती कशाची आहे ते ओळखा, आणि समजाला हात शेवटी घाला.

१. आधी मोठ्यांना बसवा

वर्गात जाण्याआधी पालकसभा घ्या. शक्य असेल तर आया आणि वडील दोघांनाही बोलवा. नुसत्या आया आल्या की मुलींची पाळी एवढाच विषय होतो आणि मुलगे कोरडे राहतात. काय सांगणार आहात ते कागदावर लिहून वाचून दाखवा. सभेत एक वाक्य हमखास येतं: "हे सांगितलं की पोरं नको ते शिकतील." यावर चिडू नका. युनेस्कोने जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन २०१८ साली मार्गदर्शिका काढली, त्यात हेच तपासलं होतं. असं शिक्षण मिळाल्याने मुलं लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात असं दिसलं नाही. उलट अनेक ठिकाणी ती सुरुवात पुढे गेली.

या विषयावर आपल्याकडे वाद नवा नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून मराठीत लैंगिक आरोग्यावर मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. आणि त्याच राज्यात २००७ साली शाळांमधला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम विधिमंडळातल्या विरोधामुळे थांबवला गेला! तेव्हा सभेत दोन पालक उठून गेले तर फार मनाला लावून घेऊ नका. राहिलेल्यांशी बोला.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी मात्र घ्याच. आणि तास घेणारा पुरुष असेल तर मुलींच्या सत्रात एक शिक्षिका बसलेली असू द्या.

२. शब्द तोंडात बसवा

आदल्या दिवशी घरी मोठ्याने म्हणून बघा: लिंग, वृषण, वीर्य, योनी, स्तन, गर्भाशय, पाळी, हस्तमैथुन. तुम्ही अडखळलात की वर्ग हसतो. तुम्ही "ते… खालचं" म्हणालात की मुलांना कळतं, यात काहीतरी लाज वाटण्याजोगं आहे. मुलं घरचे शब्द वापरतील, शिव्यांमधले वापरतील. दटावू नका. "त्याला वृषण म्हणतात, बरं का" असं सहज बोलून पुढे चला. पहिली पाच मिनिटं हशा होणारच. तो ओसरू द्या.

मुलं-मुली एकत्र की वेगळी? शरीराची माहिती एकत्र द्या, खासगी प्रश्न वेगळे घ्या. मुलग्यांना पाळी कळलीच पाहिजे. बाकावर डाग दिसला म्हणून मुलीला चिडवणारा मुलगा बहुतेक वेळा अज्ञानातूनच चिडवतो. त्याला पाळी म्हणजे काय ते कळलं की तोच दप्तर पुढे करतो, असं मी पाहिलेलं आहे.

३. प्रश्नपेटी

चपलांचा रिकामा खोका घ्या, वर चिठ्ठी जाईल एवढी फट पाडा. सगळ्यांना एकसारख्या वहीचं पान द्या आणि सगळ्यांनीच काहीतरी लिहायचं असा नियम करा. ज्याला प्रश्न नसेल त्याने आवडत्या भाजीचं नाव लिहावं. नाहीतर लिहिणारा कोण ते लगेच उघडं पडतं. नाव लिहायचं नाही. पेटी तासाच्या दोन दिवस आधी फिरवा, म्हणजे तुम्हालाही तयारीला वेळ मिळेल.

चिठ्ठ्या कशा असतात? एक नमुना: चौकोनी वहीचं पान, आठ घड्या घातलेलं, पेन्सिलीने बारीक अक्षरात, "सर रात्री झोपेत चड्डी ओली होते. आठवड्यात दोनदा झालं. मला एड्स आहे का. मी घरी सांगितलं नाही." खाली काही खोडलेलं. या चिठ्ठीत तीन गोष्टी आहेत: शरीरात घडलेली एक अगदी साधी घटना, कुठून तरी ऐकलेला एक रोग आणि एकट्याने काढलेले बरेच दिवस. उत्तर देताना तिन्हींना उत्तर द्या.

४. आधी शरीर, वेळापत्रकासकट

फळ्यावर एक आडवी रेघ मारा, ८ पासून १८ पर्यंत आकडे लिहा. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी संप्रेरकं सोडू लागते, त्यातून मुलींची बीजकोशं आणि मुलांची वृषणं जागी होतात, आणि ती इस्ट्रोजेन व टेस्टोस्टेरॉन बनवायला लागतात. पुढचं सगळं त्यातून घडतं.

मुलींमध्ये साधारण ८ ते १३ या वयात स्तनांची गाठ जाणवते. ती बरेचदा आधी एकाच बाजूला येते आणि दुखते, त्याने आई घाबरते. त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. मुलांमध्ये ९ ते १४ या वयात वृषणं वाढू लागतात, मग लिंग, केस, उंची, आवाज. मुलींची उंची आधी वाढते. सातवीत मुली उंच आणि मुलगे बुटके दिसतात ते यामुळे, आणि बुटक्या मुलग्यांना हे एकदा मोठ्याने सांगितलेलं फार बरं वाटतं. जवळजवळ निम्म्या मुलग्यांना या काळात छातीवर थोडा फुगवटा येतो. तो बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. शर्ट काढायला लाजणारी, पोहायला न जाणारी मुलं वर्गात असतात. त्यांच्याकडे न बघता हे सांगा.

५. मुलग्यांच्या चिठ्ठ्या

जास्तीत जास्त चिठ्ठ्या वीर्याबद्दल असतात. "रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो", "धातू गेला की कंबर दुखते, डोळे आत जातात, स्मरणशक्ती कमी होते." हे आजोबांपासून चालत आलेलं आहे आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरही रंगवलेलं असतं. नुसतं नाही म्हणू नका. वीर्य कुठे बनतं ते आकृतीत दाखवा. त्यातला बराचसा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथी बनवतात. त्यात पाणी, साखर, प्रथिनं असतात. शुक्राणू वृषणात रोज लाखोंनी तयार होत राहतात. एका वेळी बाहेर पडतं ते साधारण दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर चमचाभर. रक्ताचा यात हिशोबच नाही, आणि साठवून ठेवल्याने ताकदही येत नाही. झोपेत वीर्य जाणं हा रोग नाही. कुणाला होतं, कुणाला होत नाही, दोन्ही ठीक.

हस्तमैथुनाने आंधळेपणा येत नाही, नपुंसकता येत नाही, लग्नानंतर मूल होण्यात अडचण येत नाही. करणारा आजारी नाही आणि न करणाराही आजारी नाही. ते एकांतात, स्वच्छ हाताने. त्यापायी अभ्यास, खेळ, झोप सगळं सुटत असेल तर मात्र कुणाशी तरी बोलावं. एवढं सांगितलं की पुरे. या वाक्यांनंतर मागच्या बाकावर जी शांतता होते, ती अनुभवण्यासारखी असते.

लिंगाच्या आकाराचा प्रश्न हमखास येणार. वाढ सतरा-अठराव्या वर्षापर्यंत चालू असते, प्रत्येकाची वेगळी असते, आणि मोबाइलवरच्या माणसांशी तुलना करण्यात अर्थ नाही. तेल, पट्टा, चूर्ण, कशानेही तो वाढत नाही. अशा औषधांच्या जाहिराती करायला १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. तरीही भिंती रंगलेल्या आहेतच! तिथे गेलेल्या मुलाचा खिसा रिकामा होतो आणि भीती दुप्पट होते.

एक गोष्ट मात्र मुलांना घाबरवूनच सांगा. एका वृषणात अचानक जोराची कळ आली, उलटी झाली, तर लाजून घरी बसायचं नाही. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि तो सहा तासांच्या आत सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. रात्री दोन वाजता झालं तर रात्री दोनला निघायचं.

६. मुलींच्या चिठ्ठ्या

"पाळीत घाण रक्त जातं" इथून सुरुवात होते. गर्भ राहिला तर त्याला आधार म्हणून गर्भाशयात दर महिन्याला अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की ते गळून बाहेर येतं. रक्त अंगात फिरतं तेच असतं. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, ८० पर्यंत गेलं तरी चालतं. चक्र सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत २१ ते ४५ दिवसांचं, कधी अनियमितही असतं. महिना बरोब्बर २८ दिवसांनी भरलाच पाहिजे असं नाही.

लोणच्याचं काय? "पाळीत हात लावला की लोणचं नासतं." वाद घालत बसण्यापेक्षा करून बघायला सांगा. एकाच बरणीतलं लोणचं दोन लहान बाटल्यांत काढायचं. एकीला पाळीतल्या मुलीने रोज कोरड्या चमच्याने हात लावायचा, दुसरीत इतर कुणीतरी ओला चमचा घालायचा. बुरशी कुठे येते ते महिन्याभरात दिसेल. बुरशीला पाळी कळत नाही, पाणी कळतं. हा प्रयोग घरी जाऊन आजीसमोर केला तर जास्त रंगतो. देवाचं, सणाचं, बाजूला बसण्याचं मात्र वर्गात आईविरुद्ध भांडण लावण्याच्या पद्धतीने काढू नका. कोणती गोष्ट आरोग्याची आहे आणि कोणती रूढीची, एवढं वेगळं करून द्या. आंघोळ करणं, डोकं धुणं, पोटभर जेवणं, शाळेत येणं, खेळणं हे आरोग्याचं. गडचिरोलीतल्या काही माडिया-गोंड गावांत पाळीत बायकांना गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावं लागतं. तिथे प्रश्न फक्त समजुतीचा उरत नाही. पावसाळ्यात गळणारं छप्पर, साप आणि रात्री एकटं असणं हाही तिथे आरोग्याचाच विषय आहे.

पॅड दर चार ते सहा तासांनी बदला. कापड वापरत असाल तर साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, दुसऱ्या कपड्याखाली लपवून ओलं ठेवू नका. खाज आणि चट्टे बहुधा ओलसर कापडानेच येतात.

"लग्न झालं की पाळीचं दुखणं थांबतं." हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, कारण दुखणं बाजूला राहतं आणि मुलीचं लग्न मात्र ठरतं. थोडं दुखणं सहसा असतंच. पोट शेकल्याने आणि डॉक्टरांनी दिलेल्या साध्या गोळीने ते आटोक्यात येतं. पण दर महिन्याला शाळा बुडत असेल, मुलगी गुडघे पोटाशी घेऊन पडत असेल, तर तपासायला न्यायचं. नवरा हे त्यावरचं औषध नाही.

अंगावरून पांढरं जाणं हा विषय मुली शेवटी, कुजबुजत काढतात. पाळी सुरू होण्याआधी काही महिने आणि नंतर दर महिन्यात पातळ, पांढरट, वास नसलेला स्राव जातोच. त्याने हाडं झिजत नाहीत, अशक्तपणा येत नाही. खाज, जळजळ, दुर्गंधी, दह्यासारखा किंवा हिरवट स्राव असेल तर मात्र जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. इथे दोन्ही टोकं टाळायची आहेत. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि त्याआधी तपासणी झाली होती जेमतेम ८ टक्क्यांची. म्हणजे दुखणी खरी होती, फक्त कुणी विचारलं नव्हतं. दुसरं टोक बीडचं. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या सरकारी पाहणीत तेरा हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. कित्येकींना पांढरं जाणं, पोटदुखी अशा तक्रारींवर "कॅन्सर होईल, पिशवी काढा" असं सांगितलं होतं. मुलींना आजच सांगून ठेवा: पिशवी काढायचा सल्ला मिळाला की दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचंच.

आणि कौमार्याचा "पडदा". तो खरंच बंद पडदा असता तर पाळीचं रक्त बाहेर आलं असतं कुठून? योनीच्या तोंडाशी ती लवचीक कडा असते, सायकल, कबड्डी, धावणं यांनी ताणते, काहींना जन्मतःच अगदी थोडी असते. पहिल्या संबंधात रक्त आलंच पाहिजे असं नाही, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कंजारभाट समाजातल्या तरुणांनी २०१८ च्या सुमारास आपल्याच समाजातल्या कौमार्य चाचणीविरुद्ध उघड मोहीम उघडली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलात्कार पीडितेची योनीत दोन बोटं घालून चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल असं बजावलं.

७. दोघांच्याही चिठ्ठ्या

यावर थोडक्यात उत्तरं पुरतात. चुंबनाने, एकाच बाकावर बसल्याने, एकच संडास वापरल्याने दिवस जात नाहीत. पण "पहिल्या वेळी गर्भ राहत नाही" हे खोटं आहे. पहिली पाळी येण्याआधी सुद्धा राहू शकतो, कारण स्त्रीबीज आधी सुटतं आणि पाळी नंतर येते. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. मुलगा की मुलगी हे शुक्राणूवर, म्हणजे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. हे मुलग्यांना दोनदा सांगा. एचआयव्ही डास, ताट, मिठी यांतून पसरत नाही. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात तपासणी मोफत होते आणि माहिती गुप्त ठेवतात.

"मला मुलगाच आवडतो, मी मुलगा असून" अशी चिठ्ठी आली तर वाचताना आवाज बदलू नका. तो आजार नाही, उपचाराची गरज नाही, आणि २०१८ पासून प्रौढांमधल्या अशा संमतीच्या संबंधांना कायद्याने गुन्हा मानलेलं नाही.

एचपीव्हीच्या लसीबद्दल आया विचारतात, "त्याने पुढे मूल होत नाही म्हणे?" होतं. ती लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवते. ९ ते १४ वयात घेतली तर सर्वांत चांगली, आणि आता पुण्यात बनलेली देशी लसही मिळते.

८. कधी डॉक्टरकडे पाठवायचं

एवढं फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्या. मुलीला आठच्या किंवा मुलाला नऊच्या आधी बदल दिसू लागले. मुलीला तेरापर्यंत स्तनांची वाढ नाही, पंधरापर्यंत पाळी नाही. मुलाला चौदापर्यंत काहीच बदल नाही. पाळी सुरू होऊन सलग तीन महिने आली नाही. तासा-दोन तासाला पॅड भिजतो किंवा आठ दिवसांच्या वर रक्त जातं. चालताना धाप लागते, नखं पांढरी पडलीत. हा शेवटचा मुद्दा रक्तक्षयाचा. दर आठवड्याला शाळेत मिळणारी निळी लोहगोळी खिडकीबाहेर जाते की पोटात, हेही याच तासात विचारून घ्या. "गोळीने पोरं होत नाहीत" ही अफवा अनेक शाळांत फिरते. मळमळ होऊ नये म्हणून ती जेवणानंतर द्यायची, आणि आधी तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर घ्यायची.

पाठवायचं कुठे? उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी "मैत्री" क्लिनिक असतं. वार आणि वेळ आधी स्वतः जाऊन विचारून या, समुपदेशक ताईंचं नाव माहीत करून घ्या. "रुग्णालयात जा" म्हटलं तर मूल जात नाही. "गुरुवारी दहा नंबरच्या खोलीतल्या ताईंना भेट, मी सांगून ठेवलंय" म्हटलं तर जातं.

९. पेटीतून वेगळीच चिठ्ठी निघाली तर

"काका मला हात लावतात." अशी चिठ्ठी निघू शकते, निघतेच. ती वर्गात वाचायची नाही. सगळ्यांनाच सांगा की आज अमुक खोलीत मी सुट्टीत थांबणार आहे. मूल आलं तर ऐका, मध्ये विचारू नका, पुन्हापुन्हा सांगायला लावू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचन चुकूनही देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. म्हणा, "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही, आता आपण मदत करणाऱ्या माणसांना सांगू." चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर फळ्यावर सुरुवातीपासूनच लिहून ठेवा, म्हणजे कुणालाही तो वेगळा मागावा लागत नाही. मन खचलेल्या मुलांसाठी टेलिमानसचा १४४१६ त्याच्याखाली.

एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "उद्या विचारून सांगतो" म्हणा, आणि उद्या खरंच सांगा. उरलेल्या चिठ्ठ्या फाडून टाकू नका. पुढच्या तासाची तारीख जाताना फळ्यावर लिहून जा आणि पेटी वर्गातच राहू द्या. दुसऱ्या वेळी येणाऱ्या चिठ्ठ्या लांब असतात, आणि त्या पेन्सिलीने नाही, पेनाने लिहिलेल्या असतात.